बेपत्ता सुरसुंदरी

मराठी वाङ्मयीन व्यवहारात एक छायाचित्र वारंवार भेटते. पार्श्वभूमी काळीभोर. एका बाजूने आलेल्या उजेडात एका पाषाणस्त्रीचा अर्धा चेहरा, झिजलेले नाक, गळ्यातली माळ आणि कोपरापासून तुटलेला हात. बाकी सारे अंधारात. खाली 'पाषाणमौन' किंवा 'चिरंतन' अशासारखे शीर्षक आणि त्याखाली छायाचित्रकाराचे नाव. हे छायाचित्र कधी दिवाळी अंकाच्या मधल्या पानांत असते, कधी कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठावर, कधी चर्चासत्राच्या निमंत्रणपत्रिकेवर. ते हटकून कृष्णधवल असते आणि त्याखाली गावाचे नाव बहुधा नसते. फार तर 'मराठवाडा' एवढा उल्लेख असतो. म्हणजे आठ जिल्ह्यांत कुठेही.

या प्रकाराविषयी आमची तक्रार आहे आणि ती गुळमुळीत शब्दांत मांडण्याची आमची इच्छा नाही. मध्ययुगीन मूर्तींचे असे छायाचित्रण म्हणजे कलेच्या नावाने केलेली पुसापुशी आहे, असे आमचे म्हणणे आहे. त्यात मूर्तीचा रंग पुसला जातो, तिच्या शेजारच्या मूर्ती पुसल्या जातात आणि शेवटी तिचे गाव पुसले जाते. यांतली पहिली दोन कृत्ये आक्षेपार्ह आहेत. तिसरे घातक आहे.

आम्ही मूर्तिशास्त्राचे अभ्यासक नाही. परभणी जिल्ह्यात मराठी शिकवणारी माणसे आहोत. परंतु ज्या जिल्ह्यात आम्ही शिकवतो त्यात गंगाखेड तालुक्यातले धारासूर आहे. तिथे गोदाकाठच्या गुप्तेश्वर मंदिराच्या बाह्य भिंतींवर सुरसुंदरी उभ्या आहेत. जिंतूर तालुक्यात चारठाणा आहे. गोकुळेश्वराचे मंदिर, एकटाच उभा असलेला कोरीव पाषाणस्तंभ आणि गावभर विखुरलेले मंदिरांचे अवशेष. जिंतूरजवळ नेमगिरीच्या गुंफांतल्या जैन मूर्ती आहेत. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला तोवर औंढा नागनाथही आमच्याच जिल्ह्यात होते. शिवाय पारावर, विहिरीच्या काठी, मारुतीच्या देवळाच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या मूर्ती गावोगाव आहेत. दिवाळी अंकातली ती अनाम पाषाणस्त्री कदाचित याच परिसरातली असते. आमच्या विद्यार्थ्याच्या गावची असते आणि त्याला ते कळत नाही.

कृष्णधवलाच्या समर्थकांचा पहिला युक्तिवाद असा की रंग हा विक्षेप आहे. तो काढला की आकार उरतो, दगडाचे सत्य उरते. हा युक्तिवाद ऐकायला भारदस्त आहे. त्याची परीक्षा शेंदरावर घेऊन पाहावी. छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळातली काचेची पटले प्रामुख्याने निळ्या-जांभळ्या उजेडालाच प्रतिसाद देत. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनज्ञाने पटलांना रंगद्रव्यांच्या साहाय्याने हिरव्या-पिवळ्या उजेडाचीही जाणीव देता येते हे दाखवले. तांबड्याचीही नोंद घेणारी पॅनक्रोमॅटिक पटले बाजारात आली ती १९०६ च्या सुमारास. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या सर्वेक्षकाने शेंदूरचर्चित हनुमानाचे छायाचित्र घेतले असेल तर त्यात हनुमान काळाठिक्कर उमटणार. पुढच्या काळातली पॅनक्रोमॅटिक फिल्म वापरली तर तोच हनुमान राखाडी होणार. आणि भिंगासमोर लाल फिल्टर लावला, तर तोच हनुमान जवळजवळ पांढरा होणार. हे तिन्ही हनुमान कृष्णधवलच. यांतला दगडाचे सत्य सांगणारा कोणता? आज डिजिटल कॅमेऱ्याच्या चित्रावर संगणकात तीच करामत बोटाच्या टोकाने होते. लाल उजळवा, निळा दडपा. शिखरामागचे आकाश काळे होते आणि मूर्ती चकाकू लागते. प्रदर्शनात ज्याला 'गूढता' म्हणून वाखाणले जाते ती बहुतेकदा या दडपलेल्या निळ्याची असते.

लाल फिल्टरमधून पाहिल्यास हळद आणि कुंकू दोन्ही फिकट पडतात आणि त्यांच्यातला भेद जवळजवळ नाहीसा होतो. ज्या भाषेत 'कुंकू पुसणे' या क्रियेला एवढा अर्थ आहे, त्या भाषेच्या वाचकांनी तरी देवीच्या कपाळावरचे कुंकू पांढरे झालेले पाहून क्षणभर थबकायला हवे. आपण थबकत नाही, कारण हे पांढरेपण आपण 'अभिजात' समजतो.

नंगा दगड हेच मूर्तीचे मूळ रूप असते, ही समजूतही तपासावी लागेल. वेरूळच्या कैलास लेण्यावर गिलाव्याचे आणि रंगांचे अवशेष आजही दिसतात. त्या लेण्याला 'रंगमहाल' असे लोकनाम आहे ते उगाच नाही. धारासूरच्या भिंती रंगवलेल्या होत्या असा आमचा दावा नाही. परंतु बिनरंगी दगड म्हणजे शिल्पकाराचा हेतू, असे गृहीत धरण्याचा अधिकार छायाचित्रकाराला कुणी दिला? दगड उघडा दिसावा ही आवड आधुनिक आहे. आवड असायला हरकत नाही. तिला शिल्पकाराची सही जोडू नये.

दुसरा युक्तिवाद अधिक उद्धट आहे. त्यानुसार शेंदूर, तेल, चुना, ऑइलपेंट ही गावकऱ्यांनी केलेली विद्रूपता. कृष्णधवल छायाचित्र तिच्यातून मूर्तीची सुटका करते. यातला काही भाग आम्हाला मान्य आहे. शेंदराचे थरावर थर चढले की डोळे, अलंकार, आयुधे सगळे बुजते आणि कोणती देवता आहे हेही सांगता येईनासे होते. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा शेंदराचा जाड थर काढण्यात आला, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या न दिसलेले रूप भाविकांना दिसले. असे काम जरूर व्हावे; ते जाणत्यांच्या देखरेखीखाली, पूजा करणाऱ्यांच्या संमतीने आणि प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवून व्हावे. परंतु कॅमेऱ्यातली सुटका अशी नसते. तिथे शेंदूर मूर्तीवर तसाच राहतो, फक्त पाहणाऱ्याला दिसेनासा होतो. पूजा चालू असते आणि छायाचित्र सांगते की हे एक भग्न, सोडून दिलेले, निर्मनुष्य सौंदर्य आहे.

हे असत्य आहे आणि त्याचे परिणाम आहेत. मूर्ती 'सोडून दिलेली' आहे असे एकदा ठरले की ती कुणाचीही होते. जिने त्याच सकाळी तिच्यापुढे पाणी घातले ती बाई चित्राबाहेर जाते. आम्हा मराठीच्या शिक्षकांना हे समजणे कठीण जाऊ नये. ज्ञानेश्वरीची प्रत हातात घेताना आपण समासातल्या टिपा, नक्कलकाराचे लेखनदोष आणि शेवटची पुष्पिका ही घाण समजून खरवडत नाही. पोथी कुणी, कुठे, कोणत्या शकात उतरवली हे पुष्पिकेवरूनच कळते. शेंदूर ही मूर्तीची पुष्पिका आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल; पण ती मूर्ती वाचली जात होती याचा तो पुरावा निश्चित आहे.

आता शेजारच्या मूर्तींविषयी. सुरसुंदरी भिंतीवर एकटी नसते. कुणी आरशात पाहणारी, कुणी पायातले नूपुर बांधणारी, कुणी पत्र लिहिणारी. त्यांच्यामधून देवतांच्या मूर्ती आणि भिंतीचे पुढे-मागे होणारे कोन. प्रदक्षिणा घालणारा माणूस त्यांना क्रमाने पाहतो आणि दिवसाचा उजेडही त्यांच्यावरून क्रमाने फिरतो. या रांगेतून एक कटी, एक ओठ किंवा एक वक्ष कापून काढायचा आणि त्यावर प्रणयकवितेचा संग्रह छापायचा, हे अध्यायातून एक ओवी उचलून शुभेच्छापत्रावर छापण्यासारखे आहे. त्यातही कापले जाते ते नेहमी स्त्रीशरीरच असते. शेजारच्या दिक्पालाचे पोट कवितासंग्रहावर आलेले आमच्या पाहण्यात नाही.

आंद्रे माल्रो यांनी १९४७ मध्ये 'काल्पनिक संग्रहालया'ची संकल्पना मांडली. छायाचित्रामुळे बोटाएवढी मुद्रा आणि डोंगराएवढी मूर्ती पुस्तकाच्या पानावर एकाच आकाराच्या होतात, जगभरची शिल्पे शेजारी शेजारी येतात, आणि त्यातून कलेकडे पाहण्याची नवी रीत जन्मते, हे त्यांनी उत्साहाने सांगितले. तो उत्साह आपण समजू शकतो. पण त्या ग्रंथात जे मिळवले त्याची किंमत मूर्तींनी दिली. त्यांचे माप गेले, जागा गेली, दिशा गेली. औंढ्याचे उदाहरण घ्या. तिथला नंदी देवळाच्या पाठीशी आहे, आणि नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळच फिरले ही आख्यायिका त्या जागेला चिकटलेली आहे. त्या नंदीचे कितीही देखणे कृष्णधवल छायाचित्र काढा; तो कुणाच्या पाठीशी बसला आहे हे चौकटीत आले नाही, तर मराठी भक्तिपरंपरेतली एक अख्खी कथा बाहेर राहते.

मग मूर्तीकडे पाहण्याची आपली म्हणून काही रीत आहे काय? आहे, आणि ती मराठीच्या अभ्यासक्रमातच आहे. महानुभावांची 'स्थानपोथी' आपण सारे नावाने ओळखतो. चौदाव्या शतकातल्या मुनिव्यासांचा हा ग्रंथ चक्रधरस्वामींनी जिथे वास्तव्य केले, जिथे ते बसले, जिथून गेले, त्या स्थानांची नोंद करतो. देऊळ गावाच्या कोणत्या अंगाला, त्याचे दार कोणत्या दिशेला, चौक कुठे, भोवती आणखी कोणती देवळे, हे तो सांगतो. त्या देवळांतल्या देवतांची उपासना ग्रंथकाराच्या पंथाला मान्य नव्हती, हे इथे लक्षात घ्यावे. तरीही त्यांच्या वास्तूंचा पत्ता त्याने चोख लिहिला, कारण पुढे येणाऱ्याला ती जागा सापडली पाहिजे होती. भक्तीची गरज आणि भूगोलाची शिस्त अशी एकत्र नांदलेली आहे. सौंदर्यवादी छायाचित्रात भक्तीही नाही आणि भूगोलही नाही.

आमचा रोख कृष्णधवल माध्यमावर आहे असा समज कुणी करून घेऊ नये. आमचा काळा पाषाण टिपायला अवघड असतो. तो उजेड गिळतो, तेल लागले की चमकतो, आणि भर दुपारी सपाट दिसतो. तिरप्या उन्हात घेतलेले चांगले कृष्णधवल छायाचित्र झिजलेली रेषा उठावदार करते. रंगीत चित्रात ती हरवू शकते. हेन्री कझिन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरचा १९३१ चा ग्रंथ आजही उघडावा लागतो तो त्यातल्या चित्रपटांमुळेही. स्टेला क्रामरिश यांच्या 'द हिंदू टेम्पल' या १९४६ च्या ग्रंथासाठी रेमाँ ब्युर्निए यांनी घेतलेली छायाचित्रे देखणी आहेत, आणि कोणते शिल्प कोणत्या मंदिराचे हे ग्रंथ वाचकाला सांगतो. देखणेपणा आणि पत्ता यांचे वैर नाही, हे सिद्ध करायला एवढे उदाहरण पुरे.

याहून ठसठशीत उदाहरण तमिळनाडूचे आहे. पुदुच्चेरीची फ्रेंच संशोधनसंस्था १९५५ मध्ये स्थापन झाली. दक्षिणेतल्या देवळांची आणि मूर्तींची लाखाहून अधिक छायाचित्रे तिच्या संग्रहात आहेत. त्यांतली पुष्कळशी कृष्णधवल, समोरून घेतलेली, कसलाही नाट्यमय उजेड नसलेली. सोबत गावाचे नाव आणि तारीख. श्रीपुरंदन या गावच्या देवळातली चोलकालीन नटराजाची मूर्ती चोरीला गेली आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने ती सुमारे पन्नास लाख डॉलरना विकत घेतली. मूर्तीसोबत खोटी कागदपत्रे होती. ती खोटी ठरण्यात या संस्थेच्या संग्रहातल्या, १९९४ मध्ये घेतलेल्या छायाचित्राचा मोठा वाटा होता. दोन्ही मूर्ती एकच आहेत हे त्यावरून ताडता आले. २०१४ मध्ये मूर्ती भारतात परतली. त्या छायाचित्राला कुणी प्रदर्शनात लावले नसते. त्याने देव घरी आणला.

हाच प्रसंग आपल्याकडे घडला तर? ऑगस्ट २०२२ मध्ये जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ येथून रामदासस्वामींच्या घराण्यातल्या पूजेच्या मूर्ती चोरीला गेल्या आणि त्याच वर्षी सापडल्या. त्या मूर्तींना नाव होते, गावाला नाव होते, महाराष्ट्रभर हलकल्लोळ झाला. जिंतूर तालुक्यातल्या एखाद्या पारावरची शिर नसलेली विष्णुमूर्ती गेली तर हलकल्लोळ कोण करणार, आणि कशाच्या आधारावर? पुरावस्तू व कलामूल्य वस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांना संरक्षण देतो. नोंदणीच्या अर्जासोबत छायाचित्र जोडावे लागते. पण पारावरच्या मूर्तीचा अर्ज करणार कोण? तिचे एकमेव छायाचित्र बहुधा एखाद्या पाहुण्या कलावंताने घेतलेले असते, आणि त्यात अर्धा चेहरा अंधारात असतो. मूर्ती परदेशातल्या लिलावात निघाली, तरी 'पाषाणमौन'वरून ती आमची आहे हे कोणत्या न्यायालयात सिद्ध होईल? न उंची, न पीठ, न पाठीमागची भिंत, न गाव, न तारीख. चोराने जे काम करायचे त्यातले अर्धे काम छायाचित्रकाराने आधीच करून ठेवलेले असते: मूर्ती तिच्या जागेपासून तोडलेली असते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. गावाचे नाव छापले तर चोरांना वाट दाखवल्यासारखे होईल, असे काहीजण म्हणतात. निर्जन शिवारातल्या सुट्या मूर्तीबाबत ही भीती रास्त आहे. तिथे छापताना तालुक्याचे नाव पुरे. संपूर्ण नोंद मात्र राज्य पुरातत्त्व विभागाकडे, ग्रामपंचायतीत आणि जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्यावी. परंतु धारासूरच्या भिंतीवरची सुरसुंदरी किंवा चारठाण्याचा स्तंभ लपवून कोणाचे रक्षण होते? जीर्ण मंदिराला दुरुस्ती मिळते ती त्याचे नाव लोकांच्या तोंडी असते तेव्हा. अनाम ठेवलेली वास्तू ढासळली तर तिच्यासाठी अर्ज करायलाही नाव लागते.

'ही कला आहे, दप्तर नव्हे', हा शेवटचा बचाव. छायाचित्रकाराचे स्वातंत्र्य आम्हाला पूर्ण मान्य आहे. त्याने हवा तो फिल्टर लावावा, हवा तेवढा अंधार ठेवावा. पण चौकटीतले शिल्प त्याने घडवलेले नाही. ज्याने घडवले त्याचे नाव काळाने नेले. ज्यांनी सांभाळले त्यांचे गाव मात्र नकाशावर आहे. दुसऱ्याची ओळ उचलली तर कवीचे नाव द्यावे लागते, हे आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतो. शिल्पाच्या बाबतीत हा नियम कोणत्या सौंदर्यशास्त्राने रद्द केला?

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. संपादकांनी आणि प्रकाशकांनी गावाचे नाव नसलेले मूर्तीचे छायाचित्र स्वीकारू नये. कवींनी मुखपृष्ठावरची बाई कुठली आहे हे चित्रकाराला विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तर दुसरे मुखपृष्ठ मागावे. मराठी विभागांनी 'स्थानपोथी' केवळ परीक्षेसाठी न शिकवता, प्रकल्प म्हणून विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावची एकेक स्थानपोथी लिहून घ्यावी. देऊळ कोणत्या अंगाला, दार कोणत्या दिशेला, कोणती मूर्ती कुठे, तिला गावात काय म्हणतात, पूजा कोण करते. सोबत मोजपट्टी ठेवून समोरून, दोन्ही बाजूंनी आणि शक्य असल्यास मागून छायाचित्रे. एक रंगीत असावे, म्हणजे शेंदूर कुठवर आहे ते कळेल. खिशातला मोबाइल यासाठी पुरतो. पूजेतल्या मूर्तीचे छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे, हे सांगायला नको.

आणि ज्यांना 'पाषाणमौन'च हवे आहे त्यांनी ते खुशाल छापावे. त्याखाली एवढेच जोडावे: 'सुरसुंदरी, बाह्य भिंत, गुप्तेश्वर मंदिर, धारासूर, ता. गंगाखेड, जि. परभणी. छायाचित्र लाल फिल्टर लावून घेतले आहे.' आणि तारीख. दोन ओळींची जागा लागते. गूढता थोडी कमी होईल. पण गंगाखेडच्या एखाद्या विद्यार्थिनीच्या हाती तो दिवाळी अंक पडला, तर आपल्या गावापासून ती बाई किती कोसांवर आहे हे तिला कळेल आणि ती पाहायला जाऊ शकेल.